फोटोत कोण आहे, कोण नाही

फोटो खोटे बोलत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. रेशनकार्डापासून मतदाराच्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडे फोटो लावला जातो तो याच भरवशावर. एखाद्या म्हाताऱ्या बाईची आठवण एक सांगते आणि भिंतीवरचा फोटो दुसरेच दाखवतो, असा प्रसंग आला की आपण फार विचार न करता फोटोच्या बाजूला जाऊन उभे राहतो. म्हातारीला आता काही आठवत नाही, असे म्हणून मोकळे होतो. ही सवय तपासून पाहावी म्हणून हा लेख लिहीत आहे. दलित समाजाच्या दृष्टीने ही तपासणी अधिक निकडीची आहे, कारण ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला त्यांचे फोटोही दीर्घकाळ दुसऱ्यांनीच काढले. आणि पुढे आपण आपले फोटो काढू लागलो तेव्हा चौकटीत कोणाला घ्यायचे व कोणाला नाही, हे ठरवण्याची रीत आपण कोठून उचलली, हाही प्रश्न शिल्लक राहतोच.

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. कॅमेरा विकत घेणे, विलायतेहून रसायने मागवणे, काचा तयार करणे हा पैशाचा आणि फुरसतीचा उद्योग होता. तो कोणाच्या हाती राहिला हे वेगळे सांगायला नको. याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींचा फोटोसंग्रह तयार केला. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध झाले. या संग्रहातील कितीतरी चित्रे जोडकामाची आहेत. माणसांना एका ठिकाणी उभे करून फोटो काढायचा, मग त्यांच्या आकृती कापून घ्यायच्या आणि दुसऱ्याच कुठल्या देवळाच्या, रस्त्याच्या किंवा डोंगराच्या फोटोवर बसवायच्या. माणूस खरा, देऊळही खरे. पण तो माणूस त्या देवळापुढे कधी उभाच नव्हता. पुढे सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ ही आठ खंडांची मालिका १८६८ ते १८७५ या काळात काढली. तीत साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. सत्तावन्न सालचे बंड मोडल्यानंतर कोणती जात कशी वागेल याचा अंदाज राज्यकर्त्यांना हवा होता. अशा कामात माणसाला नाव नसलेलेच सोयीचे.

याच काळात अमेरिकेत एक म्हातारी बाई फोटोचा अगदी उलटा उपयोग करीत होती. सोजर्नर ट्रुथ तिचे नाव. ‘ट्रुथ’ म्हणजे सत्य, आणि हे नाव तिने स्वतःच घेतलेले. ती गुलामीत जन्मली होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८६४ च्या सुमारास, साठी उलटून गेल्यावर, तिने स्टुडिओत बसून आपले फोटो काढून घेतले. डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर शाल, हातात विणकाम. कोणा मालकाची दासी म्हणून किंवा दयेचा विषय म्हणून ती त्यात बसलेली नाही. ते फोटो ती आपल्या सभांत विकत असे, त्यांवर हक्क तिने आपल्याच नावाचा नोंदवला होता, आणि खाली अशा अर्थाची ओळ छापली होती की देह जगवण्यासाठी मी माझी सावली विकते. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले तेव्हापासून काळ्यांच्या लढ्याशी आपण नाते सांगत आलो आहोत. पण या म्हातारीकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. ज्या समाजाची नुसती सावली पडली तरी विटाळ मानला गेला, त्या समाजातील वाचकाला तिची ती ओळ निराळीच ऐकू येईल. फ्रेंच लेखक रोलां बार्थ याने १९८० साली छायाचित्रावर एक पुस्तक लिहिले. आईच्या मृत्यूनंतर तिचे जुने फोटो चाळताना तिच्या लहानपणीच्या एका फोटोत त्याला खरी आई सापडली, असे तो सांगतो. पुस्तक चांगले आहे. परंतु ते वाचताना मला राहून राहून वाटत होते की या गृहस्थाला चाळण्यासाठी निदान फोटोंचा ढीग तरी होता. आमच्याकडे पिढीला एखादा फोटो, आणि तोही समूहाचा.

आता आपल्या घरांकडे येऊ. कोकणातल्या कोणत्याही बौद्धवाडीत जा, ओटीवरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतातच. आमच्या राजापूर तालुक्यातील नाटे भागात जुन्या पिढीने ह्या तसबिरी मुंबईहून बोटीने आणल्या. मुसाकाजी बंदरात उतरायचे आणि काच फुटू नये म्हणून धोतरात गुंडाळलेली तसबीर डोक्यावर घेऊन घाटी चढायची. देव्हारे रिकामे झाले त्या भिंतींवर ह्या तसबिरी आल्या. त्यांचे मोल फोटोच्या खरेखोटेपणाने ठरत नाही हे मला मान्य आहे. पण त्याच भिंतीवर आणखी एक चित्र असते, बाबासाहेब आणि रमाई यांचे जोडचित्र, आणि त्याविषयी थोडे बोलले पाहिजे.

रमाबाई आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंद गावच्या. त्यांचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. त्यांचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला सर्वांच्या परिचयाचा फोटो राजगृहात १९३४ च्या फेब्रुवारीत काढलेला आहे. त्यात मुलगा यशवंत, स्वतः बाबासाहेब, रमाबाई, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि पायाशी टॉबी नावाचा कुत्रा आहे. म्हणजे हा एका कुटुंबाचा फोटो आहे. कॅलेंडरवाल्यांनी आणि तसबिरी विकणाऱ्यांनी जोडपे तेवढे ठेवले, साड्यांना रंग दिले, चेहरे उजळ केले. लक्ष्मीबाई गेल्या. ज्या घरात चार मुलांचे मृत्यू पाहिले, त्या घरातल्या दोन बायका शेजारी शेजारी बसल्या आहेत, हे मूळ फोटोत दिसते. जोडचित्रात ते दिसत नाही. हे कोणी द्वेषाने केले असे मी म्हणणार नाही. कात्री चौकटीच्या मापानेसुद्धा चालते. पण चालते हे खरे.

दुसरी बाई सविता आंबेडकर, आपण त्यांना माईसाहेब म्हणतो. त्या मूळच्या शारदा कबीर. जन्म २७ जानेवारी १९०९ चा, मुंबईतला. परंतु घराणे राजापूर तालुक्यातल्याच डोर्ले गावचे. म्हणजे एका जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडची एक आणि दक्षिणेकडची दुसरी. माईसाहेब सारस्वत ब्राह्मण कुटुंबातल्या, डॉक्टर झालेल्या. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात बाबासाहेबांच्या उपचारांच्या निमित्ताने ओळख वाढली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर त्यांनीही दीक्षा घेतली. त्या दिवसाच्या फोटोंत त्या पांढरी साडी नेसून बाबासाहेबांच्या शेजारी उभ्या आहेत. यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर उजाडला. मग संशय, आरोप, चौकशी. मृत्यू नैसर्गिक होता असे सरकारने जाहीर केले तरी समाजाच्या मनातून किंतु गेला नाही. माईसाहेब दिल्लीत कित्येक वर्षे जवळजवळ अज्ञातवासात राहिल्या. सत्तरच्या दशकात पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा लोकांत आणले.

या अज्ञातवासाच्या काळात फोटोंचे काय झाले? ते नष्ट झाले नाहीत. मात्र आमच्या वाड्यांमध्ये दीक्षेची जी चित्रे पोचली, त्यांतल्या पुष्कळांत बाबासाहेब एकटेच आहेत. शेजारची बाई कुठे गेली, हे मी शाळेत असताना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. ती तेथे होती हेच आम्हाला ठाऊक नव्हते. असेच एका मजकुराच्या बाबतीतही घडले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले होते. त्यांच्या उपचारांमुळेच हे काम पुरे होऊ शकले, असा तिचा आशय आहे. १९५७ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना नव्हती. ती वाचकांपुढे आली ती १९८० साली, भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांचे पुस्तक काढले तेव्हा. फोटोची कड कापणे आणि पुस्तकाचे पान वगळणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

१९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले, ते राष्ट्रपतींच्या हातून माईसाहेबांनी स्वीकारले. त्याच वर्षी त्यांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांचे फोटो व कागदपत्रे जमवण्यात आयुष्य घातले आहे; हे पुस्तक सिद्ध होण्यात त्यांचा हात होता. आपली बाजू मांडायला निघालेल्या म्हाताऱ्या बाईजवळ दोनच साधने होती, आठवण आणि फोटो. मी तेथे होते, हे फोटो सांगू शकत होता. त्या घरात काय बोलणे झाले, औषध कोणत्या वेळी दिले, कोणी कोणाला काय म्हटले, हे फोटो सांगू शकत नव्हता; ते आठवणीनेच सांगावे लागले. माईसाहेबांची साक्ष आपल्या बचावाची साक्ष आहे, ती तशी समजूनच वाचली पाहिजे. त्यांच्यावर झालेले आरोप ज्या आठवणींवर उभे होते त्यांनाही हाच नियम लावला पाहिजे, आणि तो मात्र आपण क्वचितच लावला. ज्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या फसवले त्या जातीत जन्मलेल्या बाईवर समाजाने पटकन विश्वास ठेवला नाही, यामागचे दुःख मी समजू शकतो. परंतु अविश्वासाला पुरावा म्हणता येत नाही. माईसाहेब २९ मे २००३ रोजी वारल्या.

आतापर्यंत मोठ्या माणसांविषयी लिहिले. पण ज्या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले तो नाट्याजवळच्या आमच्या वाडीतला आहे. वाडीतल्या बुद्धविहारात लावायला पोरांनी एक जुना फोटो मोठा करायचे ठरवले. फोटो १४ एप्रिल १९५७ चा, म्हणजे बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतरच्या पहिल्या जयंतीचा. राजापूरहून फोटोवाला बोलावला होता. पुढे चार खुर्च्यांवर वाडीतले वडीलधारे, मधोमध एका मुलाच्या हातात बाबासाहेबांची तसबीर, मागे उभे पुरुष आणि सर्वांत मागे डोक्यावर पदर घेतलेल्या सात बाया. पोरांनी खाली नावे लिहायला घेतली. डावीकडची शेवटची बाई म्हणजे माझी चुलत आजी, असे सर्वांनी धरूनच चालले होते. आजी त्या फोटोतल्या माणसांत एकटीच हयात राहिली आहे, नव्वदीला टेकली आहे, म्हणून तिला कौतुकाने दाखवायला नेले. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “ती मी नाय.”

पोरे हसली. एकाने समजावून सांगितले की आजी, वय झाले, फोटो जुना आहे, साडी ओळखायला येत नाही. आजी काही ऐकेना. मी सुट्टीत गेलो तेव्हा तिने मला जवळ बसवून सगळे सांगितले. “माज्या कडंवर पोर व्हता. ता रडाया लागला. फोटूवाला बोल्ला, पोरा घेऊन मागं जावा. मागं म्हंजे त्याच्या पाठीमागं. आमी पाच-सहा बाया तितं उभ्या. सगला बगितलाय मी. फोटूत जी हायत त्यांनी कायव बगितला नाय, ती कॅमेऱ्याकडं बगत व्हती.”

हे ऐकल्यावर मी फोटो पुन्हा पाहिला. त्यात पाच वर्षांखालचे एकही मूल नाही. त्या काळचे समूहाचे फोटो आपापल्या घरी काढून पाहावेत. लहान मुले बहुधा नसतातच. तिवईवरच्या त्या कॅमेऱ्यापुढे सर्वांनी काही क्षण स्तब्ध राहावे लागे, मूल हलले की चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग उमटे, आणि काच वाया गेली तर पैसे गेले. म्हणून मुलांना दूर नेत. मुले गेली की त्यांना सांभाळणाऱ्या बायाही गेल्या. वाडीत त्या वेळी किती तरुण बाया होत्या याचा हिशेब कोणी फोटोवरून मांडला तर तो चुकणारच.

आणखी एक गोष्ट आजीनेच दाखवली. फोटोच्या अगदी खालच्या कडेला, जमिनीवर, दोन सावल्या आहेत. एक फोटोवाल्याची, तिवईसकट. दुसरी तिच्या बाजूला, आखूड, कमरेपाशी फुगलेली. “ती माजी,” आजी म्हणाली. तो पुरावा आहे असे मी म्हणत नाही. पोर कडेवर घेतलेल्या कोणाही बाईची सावली तशीच पडेल. पण कोणीतरी तेथे उभे होते, एवढे त्यावरून ठरते. पोरांनी मोठा करून आणलेल्या प्रतीत खालची ती पट्टी नव्हती. दुकानदाराने चौकटीत नीट बसावे म्हणून ती कापून टाकली होती.

आजीची आठवणही मी तपासली. वय झाले म्हणून तिचे सगळे खरे मानायचे हा दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा होईल. तसबिरीला झेंडूचा मोठा हार होता, असे ती ठामपणे सांगते. फोटोत हार नाही. हे दाखवल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, “हार मागनं आला आसंल.” असेलही. साठ-पासष्ट वर्षांत इतक्या जयंत्या झाल्या, त्यांतला कुठला तरी हार या दिवसावर चढला असेल, हेही शक्य आहे. तिला पडताळायला फोटो उपयोगी पडला आणि फोटोला पडताळायला ती. यांतला एक न्यायाधीश आणि दुसरा आरोपी असे मानून चालत नाही. फोटोकडे संशयाने बघण्याची तिची खोड नवी नाही. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात नाटे येथे पोलिसांनी गोळीबार केला, एक तरुण मच्छीमार मारला गेला. दुसऱ्या दिवसाच्या वर्तमानपत्रांतले फोटो तिला दाखवले तेव्हा तिने एवढेच विचारले होते की ह्याच्या आधी काय झाला तो फोटू कुठं हाय.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. मी तिला म्हटले, “आजी, तुझे नाव लागते आहे तर लागू दे ना. तू त्या दिवशी तेथे होतीसच.” ती एकदम चिडली. “आन् तिचा नाव?” ती डावीकडची बाई कोण हे तिला पक्के ठाऊक होते. ती वाडीत लेकीकडे येऊन राहिलेली एक विधवा होती. त्या दिवशी दोनशे माणसांच्या जेवणाचे पाणी तिने विहिरीवरून एकटीने आणले होते, म्हणून बायांनी तिला ओढून फोटोत उभी केली. पुढे लेक गेली, तीही गेली, मागे वाडीत कोणी उरले नाही. “तिचा कोन नाय म्हनून माजा नाव लावताव? माजा नाव मी कुठंव सांगंन. तिचा दुसरा काय राह्यलाय?” आजीने नाव सांगितले. ते मी येथे छापत नाही, तिच्या माहेरच्या माणसांना विचारल्यावाचून ते छापण्याचा मला अधिकार नाही. संगमेश्वरकडे तिचे भाचे आहेत असे कळले, त्यांच्याकडे निरोप गेला आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढले तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना घरोघर गाठून बोलते केले होते. त्या कामाला आता पस्तीस वर्षांवर काळ लोटला. त्या बायांची पुढची पिढीही आता ऐंशी-नव्वदीत आहे. आणि घरातले फोटो आपल्या कोकणातल्या हवेत फार टिकत नाहीत. चार महिने भिंती ओल्या, काचेला आतून बुरशी धरते, फोटोचा पापुद्रा काचेला चिकटतो, मग ओढून काढायला गेले की चेहरेच काचेवर राहतात. असा चिकटलेला फोटो काढू नये, काचेसकट त्याची दुसरी प्रत करून घ्यावी, तीही पूर्ण, कडा न कापता. नावे फोटोवर शाईने लिहू नयेत. मागे कागद लावून पेन्सिलीने लिहावीत, आणि ज्याने सांगितली त्याचे नावही लिहावे, म्हणजे उद्या कोणाला शंका घ्यायची तर कोणाच्या शब्दावर घ्यायची ते कळेल.

आमच्या वाडीतल्या पोरांनी प्रत पुन्हा करून आणली. आता तीत खालची पट्टी आणि दोन्ही सावल्या आहेत. नावांच्या यादीत डावीकडच्या सातव्या बाईची जागा भाच्यांचा निरोप येईपर्यंत कोरी ठेवली आहे. यादीखाली त्यांनी आपणहून आणखी एक ओळ घातली आहे, ‘फोटोवाल्याच्या मागे उभ्या असलेल्या’, आणि तिच्यापुढे आजीने सांगितलेली नावे. पहिल्या दिवशी तिने चार नावे सांगितली होती, तिचे स्वतःचे धरून. पाचवे तिला पावसाळा संपल्यावर आठवले.